लोट्याचं पेटंट

जगात धक्का बसूनही न बिघडणारी वस्तू एकच, आणि ती माझ्या डोक्यातून निघाली, हे आधीच सांगून ठेवतो.

फैजपुरात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. सगळी लग्नं हार्ड डिस्कमध्ये. तिच्या पोटात तबकडी गरगर फिरते, वर सुई तरंगते. जीप खड्ड्यात आदळली की सुई तबकडीला घासते, आणि नवरा-नवरी सप्तपदीआधीच गायब. एकदा आम्ही ज्या खड्ड्यात उतरलो, तिथे आधीच एक ट्रॅक्टर मुक्कामाला होता.

म्हणून मी पितळी लोट्यात दोऱ्याने नट टांगला. धक्का बसला की नट लोट्याला लागतो, तार जुळते, सुई मुकाट बाजूला सरते. पेटंट घ्यायला निघालो, तर धुळ्याचे माझे व्याही पितांबर आडवे आले.

"हाऊ लोटा मना शे. डोकं बी मनंच शे."

"लोटा असेल. डोकं कुठून आणलंत?"

पिंप्राळ्याच्या वकील सारिकाताई म्हणाल्या, "अर्जावर नाव एकाचंच जाईल. पुरावा?"

मी लोट्यासकट डिस्क टेबलावर ठेवली. "यंत्र बनवताना सूनबाईने शूटिंग केलंय. यातच आहे."

शूटिंग सुरू झालं. पितांबरांनी मूठ आपटली, "खोटं शे." चित्र थांबलं. परत लावलं. ते खोकले. थांबलं. ताईंनी फाइल ठेवली. थांबलं.

"चालतच नही, ताई."

"थांबतंय म्हणजेच चालतंय, व्याही."

शेवटी ताईंनी पंखा बंद केला, चहावाल्याला दारातच थोपवलं, आम्हाला श्वास बेताने घ्यायला सांगितला. पडद्यावर माझं अंगण आलं. मी डोकं खाजवत बसलेलो. मागून पितांबर म्हणतायत, "भाऊ, नट लोटामा टांगा ना."

व्याह्यांचं बोलणं कोण लक्षात ठेवतं? मी घाईने टेबलावर थाप मारली. चित्र चालूच. दोन्ही हातांनी मारली. चालूच. टेबल उचलून आपटलं. पडद्यावर मी म्हणालो, "वा व्याही, काय डोकं आहे!" मग आतून कर्र आवाज आला आणि पडदा काळा झाला.

धक्के खाऊन खाऊन दोरा तुटला होता. नट लोट्याच्या तळाशी निवांत पडलेला.

"पुरावा मिळाला," ताई म्हणाल्या. "यंत्र पितांबररावांचं."

पितांबर लोट्यात डोकावले. "भाऊ, आपला पोरेसनं लगीन याच डिस्कमा व्हतं ना?"

"होतं."

"दुसरीकडे कोठे शे का?"

"नाही."

ते ताईंकडे वळले. "ताई, नाव भाऊसनंच लिखा. हाई यंत्र मनं नही शे."

अर्जावर माझंच नाव गेलं. पितांबरांनी तिथूनच आमच्या विहीणबाईंना, कुंदाबाईंना, फोन लावून, लग्न पुसणारं यंत्र कोणाचं ते अर्जावरून मोठ्याने वाचून दाखवलं.