सल्लागारसाहेबांनी बॉयलरचा ताबा घेतला, त्याची हकीकत

आधी हवेस वंदन, जी सर्वांची असून कोणाचीच नाही. मग सत्यास वंदन, जे बहुधा फायलीच्या परिशिष्टात वास्तव्य करिते. पुढे मजकूर ऐसा जे, कोळशाचे वीजघर बंद करावे ऐसे फर्मान निघाले, आणि फर्मान वाजवीच होते, कारण त्या धुराने आधी बॉयलरवाल्यांचीच छाती पोखरली होती. परंतु चाळीस गड्यांनी पुढे खावे काय, हे कलम शोधू जाता मानवी हक्कांच्या परिशिष्टात सापडले, आणि तेथेही 'शक्यतो दुसरे काम द्यावे' इतकेच. हा शक्यतो मोठा गनीम. दिसावयास गरीब आणि घर बुडविण्यात वस्ताद.

मग धोरणाचे सल्लागारसाहेब, कागदांचे सरलष्कर, लॅपटॉप आणि पाण्याच्या बाटल्या ऐसा सरंजाम घेऊन मसलतीस खासे बॉयलरघरी दाखल जाहले. मसलत वीस मिनिटांची मुक्रर होती. बॉयलरचे मुख्य चालक, ज्यांस तमाम गडी दादा म्हणत, त्यांनी अर्ज केला की आमचे काय. तेव्हा साहेबांनी फर्माविले की आपल्या भावना नोंदविल्या आहेत. आणि लगोलग हजेरीचा कागद मागितला, कारण सहीवाचून मसलत झाली हे सिद्ध कैसे व्हावे. टेबलावर एक वही उघडी होती. साहेबांनी न वाचताच तीवर झोकदार सही ठोकिली.

ती वही पाळीबदलाची होती, आणि सही 'ताबा घेणार' या रकान्यात पडली. आता बॉयलरघरचा दस्तूर ऐसा कडक की, सही करणाराने बदली माणूस येईतो जागा सोडू नये, मग घरी लग्न असो की मयत. दादांनी 'ताबा देणार' येथे सही केली, साहेबांस स्टूल दिले, आणि डबा घेऊन दारापर्यंतच गेले, कारण वाफेच्या दाबाच्या काट्यावरची नजर हटेना. साहेब हसले, मग काटा चढताना पाहिला, मग हसणे थांबले. वरिष्ठांस फोन केला. उत्तर आले की शक्यतो कोणीतरी पाठवू.

"अहो दादा, शक्यतो म्हणजे काय? कोणी आलंच नाही तर मी काय करायचं?"

"साहेब, आम्ही सहा महिने हेच विचारतोय. तुम्ही भावना नोंदवून घेतल्यात."

तेव्हा साहेबांस घाम फुटला, तो आगीचा की अकलेचा हे ठाऊक नाही. स्टुलावर बसूनच त्यांनी कलम परिशिष्टातून उपटून पहिल्या पानी आणिले, शक्यतोस आडवा केला आणि लिहिले की, दुसरे काम हाती पडल्याशिवाय आग विझवू नये, हा कामगाराचा हक्क असे. मसुदा वर गेला आणि दोन स्वल्पविराम बदलून तैसाच मंजूर जाहला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, चाळीस चुली राखिल्या, आमचे पक्षी जखमी कोणी नाही. त्या चाळिसांत लिहिणाराचा थोरला भाऊ होता, यास्तव चाळीस हा आकडा दोनदा मोजून लिहिला आहे, तेवढे माफ असावे.