निळ्या संत्र्याचे मार्क

ताराचंदने अमेरिकेहून आणलेले चित्र बाहेरच्या खोलीत खुर्चीवर उभे केले होते आणि मारोतराव मास्तर चष्मा पुसून पुसून त्याच्याकडे पाहत होते. एकच संत्रे चार वेळा छापलेले. एक गुलाबी, एक जांभळे, एक हिरवे आणि चौथे चक्क निळे. जन्म नागपुरात गेला, पण निळे संत्रे त्यांनी आजच पाहिले.

"हे काढणारा फार मोठा चित्रकार आहे म्हणते ताराचंद," त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई म्हणाल्या. "तिकडं लोकं रांगा लावतेत याच्या चित्रासाठी."

"कामून? संत्रा नाही भेटत का तिकडं?"

चित्र बहिणीच्या घरी ठेवून ताराचंद आईला भेटायला कुहीला गेला होता. रविवारी मुंबईचे एक संग्राहक चित्र पाहायला येणार होते. त्यांनी ते घेतले, तर ताराचंद इथेच छापखाना काढणार. नाही तर परत अमेरिका. एकुलता एक भाऊ इथेच राहावा म्हणून चंद्रकलाबाईंनी टेकडीच्या गणपतीला नवसही बोलला होता.

मास्तर चित्राच्या खालच्या कडेशी वाकले. तिथे पेन्सिलीने बारीक लिहिले होते, १७/७५. शेजारी कोणाची तरी न लागणारी सही. उभा जन्म पेपर तपासण्यात गेलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचे?

"अवं, हा तं नापास आहे."

"कोण?"

"चित्रकार. पंच्याहत्तरपैकी सतरा. बाजूले तपासणाऱ्याची सही बी आहे. तुह्या भावाले फसवलं कोणी तरी."

चंद्रकलाबाई मटकन खाली बसल्या. "मंग मुंबईवाला कायले घेते नापास चित्र? अजी, तुम्ही मास्तर आहा. वाढवा ना थोडे मार्क."

"मी आजवर कोणाले एक मार्क वाढवून नाही दिला. सख्ख्या भाच्याले नापास केलं."

"म्हणूनच तं तो अजून बोलत नाही तुमच्याशी."

एवढे बोलून त्या आत गेल्या. संध्याकाळी चहा आला नाही, आणि आतून भांड्यांचा आवाजही आला नाही. ही शांतता मास्तरांना पेलवेना. त्यांनी खोडरबर काढला, सतरा पुसले, आणि खोटेच करायचे तर पुरते करावे म्हणून तिथे पंच्याहत्तर लिहिले. निळ्या संत्र्याला पैकीच्या पैकी मिळाले.

रविवारी ताराचंद कुहीहून परतला आणि मागोमाग मुंबईचे साहेब आले. त्यांनी खिशातून भिंग काढले आणि चित्राच्या खालच्या कडेवर धरले.

"ताराचंद, याच्या पंच्याहत्तर प्रती निघाल्या. तुमची सतरावी आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. इथे आकडा खोडून बदललाय."

ताराचंद धावत चित्राजवळ आला. "साहेब, मले खरंच काही माहीत नाही."

साहेबांनी भिंग खिशात घातले. आता गप्प बसलो, तर मेहुणा लबाड ठरतो, हे मास्तरांना कळले. ते उठून उभे राहिले.

"त्याचा काही दोष नाही. मार्क मी वाढवले."

"कसले मार्क?"

मास्तरांनी मान खाली घालून सारे सांगितले. साहेब ऐकता ऐकता दुसऱ्या खुर्चीत बसले, मग हसू लागले, आणि डोळे पुसून झाल्यावर पुन्हा चित्राजवळ गेले.

"बाकीच्या प्रती कुठे ना कुठे भिंतीवर आहेत. मास्तरांनी तपासलेली मात्र ही एकच. मी घेतो. फक्त शेजारी तुमची सही करा."

चंद्रकलाबाईंनी धावत जाऊन लाल पेन्सिल आणली. मास्तरांनी ती घेतली, पण सही केली नाही. ते चित्राकडे पाहत राहिले. शेवटी मास्तरांनी आपले पंच्याहत्तर खोडून एकेचाळीस लिहिले आणि मग सही केली.

"भाऊजी, एकेचाळीस काहून?" ताराचंद कुजबुजला.

"सही माही आहे, तं मार्क खरे पाहिजेत. रंग सफाईनं भरला, रेघ बी डगमगली नाही. पण चारही संत्र्याचा देठ एकाच बाजूले आहे. झाडावर असं नाही होत."

साहेबांनी पुन्हा एकदा चित्र न्याहाळले आणि चहाचा कप उचलला.

"मास्तर," ते म्हणाले, "मार्क देताना तुमचा हात फार सैल आहे."