तात्यांची दुसरी वही

गौतमतात्या सारेगम अर्धवट लिहितात. स्वर सगळे लिहितात, पण खुणा गाळतात. कोमल स्वराखालची आडवी रेघ नाही, तीव्र मध्यमावरची उभी रेघ नाही, वरच्या-खालच्या सप्तकाची टिंबं नाहीत. खुणांची वही वेगळी, आणि ती भाताच्या कणगीत पुरलेली. का, तर "लोक चोरतात रे."

खर्डीतल्या आमच्या गायन पार्टीत तात्या चाळीस वर्षं पेटी वाजवतात. चाली स्वतःच्या, असं त्यांचंच म्हणणं. रियाजाला बसले की आधी खिडकी लावणार. कुणी खिशातून मोबाइल काढला की भात्यावरचा हात उचलणार. एकदा शेजारच्या कुकरची शिट्टी चुकून सुरात लागली, तर तिच्याकडेही ते बराच वेळ रोखून बघत होते.

त्यांचा संशय अगदीच खोटा नव्हता, हे कबूल करायला हवं. वाशिंदच्या एका बेंजोवाल्यानं चहाच्या गडबडीत त्यांच्या पहिल्या वहीचा फोटो काढला आणि पुढच्या कार्यक्रमात त्यातलं एक गाणं वाजवलं, खुणांविना, सगळं शुद्ध स्वरांत. आईच्या कष्टांचं गाणं ते. मागच्या रांगेतली पोरं नाचायला उठली. तात्या मांडी ठोकून हसले. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलंय.

मी चाळिशीत पेटी शिकायला लागलो, दर रविवारी. माझ्यावरही भरवसा नाहीच. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम, हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं. मला ते तिसऱ्या महिन्यात कळलं, आणि तेही तात्यांनी कानात सांगितलं. त्याआधी विचारलं तेव्हा, "तुला कशाला पायजे?"

हळूहळू मलाच त्यांचा संशय यायला लागला. एवढं लपवणारा माणूस स्वतःच कुठून तरी उचलत असणार. ती वही एकदा हाताला लागू दे, मग बघतो, असं मी मनात धरून बसलो.

यंदा तात्यांचा उजवा हात थरथरायला लागला. विहारातल्या कार्यक्रमात आईचं गाणं घ्यायचं होतं. ते पूर्वी रमाकाकी गायच्या, म्हणजे तात्यांची बायको. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हापासून पार्टीनं ते गाणं उघडलंच नव्हतं. आता पोरींनी पाठ केलं होतं, पण वाजवणार कोण? वही माझ्या हातात दिली नाही, तर गाणं तात्यांबरोबरच संपणार होतं. हे सगळ्यांनी त्यांना सांगून पाहिलं. ते आठ दिवस अडून बसले. नवव्या दिवशी त्यांनी कणगीत हात घातला आणि वहीवरचं तूस झटकून ती माझ्यापुढे ठेवली.

मी चोर पकडायलाच बसलो होतो. रेघा, टिंबं, समेची फुली, खालीच्या मात्रेचं शून्य, सगळं जागच्या जागी होतं. पण दर ओळीत एक बारीक, भाताच्या दाण्याएवढी खूण होती. अशी खूण कुठल्याच पुस्तकात नाही. सापडला, म्हटलं.

"ही कुठनं आणली, तात्या?"

तात्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि दार लोटलं.

"तिथं तुझी काकी श्वास घेते," ते म्हणाले. "दोन मात्रा. पेटी गप ठेवायची."

मी म्हटलं, पण मधेच रिकामं वाटेल.

"म्हणून तर कुणाला दावली नाय. वाजवणारे भरून टाकतात रे ती जागा."

मला माझीच लाज वाटली. भाता सोडला आणि पहिली ओळ धरली. दाण्यापाशी आलो तेव्हा बोटं उचलली. दोन मात्रा खोलीत काहीच वाजलं नाही. तात्या डोळे मिटून ऐकत होते. खिडकी सताड उघडी होती, आणि ती लावायला ते उठले नाहीत.