वांग्याचा एक्स-रे

आमचे शेजारी नाना बोरसे पापडसुद्धा उजेडाकडे धरून बघतात. लग्नपत्रिका आली तर वाचण्याआधी ट्यूबलाइटसमोर धरतात. एकदा माझा नवा कोरा शर्ट घेऊन खिडकीशी गेले आणि परत देताना म्हणाले, "विरळ शे, भाऊ." शर्ट मी अजून अंगात घातला नव्हता, एवढीच मेहेरबानी.

नाना धुळ्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. निवृत्त होऊन जळगावला आमच्या कॉलनीत आले. यंत्र तिकडे राहिलं, सवय इकडे आली. "वरतून बठ्ठं चांगलंच दिसस. मझार दखा, मझार," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मझार म्हणजे आत. एका शब्दावर माणसाने उरलेलं आयुष्य काढावं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

हिवाळ्यात आमच्या कॉलनीत भरिताची पंगत होते. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. गेल्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की कॉलनीच्या मंडळाला बोधचिन्ह हवं. त्याने भरिताची चव किती टक्के वाढते, असं मी विचारलं. उत्तर म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

मी छपाईवाल्याकडून एक हिरवं वांगं काढून घेतलं. देठ, चकाकी, सगळं जागच्या जागी. नानांनी चित्र उजेडाकडे धरलं आणि "यान्हा मझार काहीच नही" म्हणून परत दिलं. कागदाच्या आत काय असणार? पण पुढच्या सभेत त्यांनी पिशवीतून एक जुनी फिल्म काढली. वांग्याचा एक्स-रे. काळ्यावर पांढुरकी, पोक काढलेली आकृती, आणि कोपऱ्यात देठ धरलेली बोटं, म्हणजे बोटांची हाडं. हेच बोधचिन्ह करा म्हणाले. सभेला ते वैज्ञानिक वाटलं. शास्त्राचं नाव घेतलं की आमच्याकडे हात आधी वर होतात, डोकं नंतर चालतं.

मी एकच दुरुस्ती सुचवली. जेवणाच्या जागी हाडं नकोत, कोपरा कापा. शिवाय त्या बोटांमुळे वांगं मध्यावर येत नाही, हे पट्टी लावून दाखवलं. एरवी तासभर वाद घालणारे नाना त्या दिवशी एवढंच म्हणाले, "कोपरा कापाना नही," आणि फिल्म पिशवीत भरायला लागले. सभा घाबरली. कोपरा राहिला.

फाटकावर त्या बोधचिन्हाचा फलक लागला. पंगतीच्या दिवशी बघतो तर परकी माणसं हातात फायली घेऊन उभी. किडनीचं मोफत शिबिर इथेच ना, असं विचारत होती. भुसावळचे एक आजोबा तर तपासणीसाठी उपाशीपोटी आले होते. नानांना यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी प्रत्येकाची फिल्म बल्बसमोर धरली, डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं आणि सगळ्यांना पानावर बसवलं. पुऱ्या संपल्या. मंडळाच्या माणसांनी भरीत पावाशी खाल्लं. खानदेशात याहून मोठी नाचक्की नाही.

यंदा सभेने नानांना न सांगता ठरवलं, कोपरा कापायचा. काम अर्थात माझ्याकडे. बायकोला बाजारात जायचं होतं, तीही छपाईच्या दुकानात माझ्याबरोबर आली. दुकानदाराने कापायला म्हणून कोपरा पडद्यावर मोठा केला. करंगळी मधल्या पेरापाशी वाकडी होती.

बायकोने माझा दंड धरला. "अहो, ही अक्कांची करंगळी."

अक्का म्हणजे नानांची बायको. मागल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गेल्या. कुंपणावरून भरिताची वाटी द्यायच्या तेव्हा ती करंगळी वाटीला कधी टेकायची नाही.

मी काम थांबवून नानांकडे गेलो. धुळ्याला असतानाची गोष्ट, त्यांनी सांगितली. अक्का बाजारात वांगं नुसतं तळहातावर तोलून सांगायच्या, यात बी नाही. नानांना ते पटेना. एकदा वांग्यासकट त्यांना दवाखान्यात नेलं. वांगं गुळगुळीत, टेबलावर ठरेना, सारखं घरंगळे.

"मंग ती म्हणे, सरका, मी धरसू."

"आणि बी?"

"नव्हती." नाना खिडकीकडे बघत राहिले. "मी जलमभर मशीनवर मझार दखं. ती नुसती हातमा धरे."

घरी आता वांगी कोण आणतं, असं मी विचारलं.

"घरमा भरीत नही आता. पंगतमाच."

मंडळाला मी सांगितलं की कोपरा कापला तर आकृतीचं प्रमाण बिघडतं. माझ्या आकड्यांवर मंडळाचा विश्वास आहे, त्यामुळे पट्टी कोणी मागितली नाही. फलक होता तसाच लागला. यंदा धरणगावच्या एक बाई सोनोग्राफीची फाइल घेऊन आल्या. मी त्यांना नानांच्या शेजारच्या पानावर बसवलं.