शुभांगी वयनीचं बॉयलर

निते, थे मोबाइल खाली ठेव अन् आधी आयक! मंधात बोलशीन तं मी सांगणारच नाई!

मंगळवारी सांजीले आमच्या शेजारच्या शुभांगी वयनीनं अंगणाच्या बरोब्बर मंधात उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून जाहीर केलं, "उद्यापासून माहा पवन माह्याच घरी अंडे खाईन! थो काकूचं घर कुठी हाय हेच विसरला नाई, तं नाव बदलून ठेवीन!"

नाव कोणाचं बदलणार, पवनचं का स्वतःचं, थे काई सांगतलं नाई. पण आवाज असा होता का खुट्याची शेळी रवंथ कराची थांबली!

आता तुले माहीत हाय, शुभांगी वयनी अन् मंजू वयनी जावा-जावा. शुभांगी वयनी थोरली, मंजू वयनी धाकटी. घरं लागून, अंगण एक, मंधात कमरेएवढी भिंत. शुभांगी वयनीचा शेलूबाजारच्या मांगं भाजीचा मळा. मेथी, सांबार-कोथिंबीर, वांगे. झुंजुमुंजू झालं का वयनी मळ्यात! खुडा, जुड्या बांधा, हर्राशीले, लिलावात धाडा, अन् घरी येऊन पाहा तं शाळेची व्हॅन कोपऱ्यावर बोंबलून राह्यली! मंग काय? पवनच्या तोंडात चहात बुडवलेला टोस, डोक्यावर पाण्याचा हात, अन् पये व्हॅनकडं!

अन् भिंतीपल्याड मंजू वयनी! नवरा नवीनभाऊ जीप चालवते, वावराची कटकट नाई. तिचं सारं सांजीलेच तयार! कधी उकडलेलं अंडं कांदा-सांबार घालून पोळीत गुंडाळलेलं, कधी आप्पेपात्रात अंड्याचे गोल गोल आप्पे. वास असा सुटे निते, का पवन त्या भिंतीवरून बाजारातून सुटलेल्या बोकडावाणी उडी मारे!

शुभांगी वयनीनं हे बी गिळलं असतं. पण रविवारी तिचा भाऊ आला. पवनले मांडीवर घेतलं अन् लाडानं इचारलं, "काय भाचेबुवा, आईच्या हातचं काय आवडते?"

पवन इचारात पडला. येवढा इचार त्यानं पाढ्याले बी केला नाई कधी!

"टोस," थो म्हणे.

"अबे, थो तं बेकरीचा असते!"

"मंग... पाणी." अन् लगेच डोये चमकवून, "पण अंडे काकूच्या हातचे! एक नंबर!"

मामा असा हासला का सुपारी नाकात गेली. अन् वयनीचं तोंड? छपरावर वाळत घातलेल्या मिरचीवाणी झालं! पोट्टा आपल्या पोटचा, अन् पोट भरते जावेकडं! त्या दिवशी वयनीले भाकर गेली नाई.

मामा एसटीत बसला न बसला, वयनीनं पवनची उलटतपासणी घेतली.

"काकू येवढ्या लवकर अंडे कशी करते रे?"

"काकूकडं बॉयलर हाय न!"

"बॉयलर? घरात?"

"ओट्यावर! मिक्सरच्या बाजूले बसवलं हाय. पांढरं फक! डोक्यावर लाल लाल हाय. थोडंसं पाणी पाजलं का सात अंडे तयार! अन् झाले का वरडून सांगते बी!"

निते, हासू नको! तूच सांग, आपल्या इकडं बॉयलर कोणाले म्हणतात? खुराड्यातल्या पांढऱ्या कोंबडीले! पांढऱ्या अंड्याले बी आपण बॉयलरचंच म्हणतो. पांढरी, डोक्यावर लाल, पाणी पिते, अंडे देऊन वरडते! वयनीच्या डोक्यात दुसरं येईन तरी काय?

एका टायमाले सात अंडे म्हटल्यावर जरा खटकलं तिले. पण लगेच मनाशीच म्हणे, "बाजारात ट्रेच्या ट्रे अंडे येतात, थे काय कोंबड्या एकेक करून देत असतीन?"

आता भिंतीपल्याड जाऊन एकडाव पाह्यलं असतं तं मिटलं असतं न? पण नाई! मंजू वयनीनं ओट्याले काया कुळकुळीत चमकता दगड बसवला, तवापासून शुभांगी वयनीनं तिच्या सैपाकघरात पाय टाकला नव्हता. "पाहाले गेली तं तिले वाटन मी जळून राह्यली!" जळत तं होतीच, फक्त धूर दिसू द्याचा नव्हता!

मंगळवारी दुपारी तिनं नवऱ्याले, चंपतभाऊले, हुकूम सोडला, "चौकातून दोन बॉयलर आणा."

"पावणे येऊन राह्यले का? कापून आणू?"

"जित्या! कापलेली अंडे देईन का?"

"अंडे? मंग गावरान आणतो न."

"गावरान कायले? मंजूकडं बॉयलर हाय तं मले बी बॉयलरच पायजे!"

चंपतभाऊ नावासारखाच माणूस. वाद झाला का चंपत! गेला गुमान कोंबडीच्या दुकानात. दुकानदाराले म्हणे, "दोन दे गा, अंड्यासाठी पायजे." दुकानदारानं त्याच्याकडं पाह्यलं, कोंबड्याकडं पाह्यलं, मंग म्हणे, "न्या भाऊ. तिच्या मनात आलं तं देईन."

तं अशा त्या दोघी आल्या. जाड्या, ढिम्म, सोयाबीनच्या पोत्यावाणी ठेवलं तठी बसणाऱ्या! पवन तवा कुठी होता? काकूकडं, अभ्यासाले! वयनीनं कोंबड्या ओट्यावर मिक्सरच्या बाजूले बसवल्या, वरून टोपलं झाकलं, पवनले सकाळीच चकित कराचं ठरवलं, अन् अंगणात येऊन थे मंगाचं भाषण ठोकलं.

भिंतीपल्याड मंजू वयनी दोरीवरचे वाळले कपडे काढून राह्यली होती. म्हणे, "काय झालं ताई?"

"काई नाई. आमी बी बॉयलर आणलं म्हटलं!"

"अय्या, हो? बरं केलं! कोणत्या कंपनीचं?"

"कंपनी कायची? आपल्या चौकातलं. जोडी आणली!"

"जोडी? दोन कायले ताई? एकातच सात होतात."

"आमच्याकडं खाणारे जास्त हायत."

"गॅरंटी देल्ली का?"

"दुकानदार म्हणे, मनात आलं तं देईन."

मंजू वयनीनं हातातली चादर खांद्यावर टाकली. "मंग पावती जपून ठेवा ताई. अन् आयका, पाणी मोजून घाला बरं. जास्त झालं का बिघडते."

"माहीत हाय मले."

"आधी खालून पिनीनं बारीक टोचाचं. नाई तं फुटते."

शुभांगी वयनीच्या अंगावर काटा आला. पण चेहरा असा, का रोजचंच काम हाय! "टोचतो न. टोचल्याबिगर कसं होईन?"

"अन् मंग वरचं लाल दाबाचं. बस! आपल्या कामाले लागाचं. झालं का थेच आवाज देते."

"येवढं काई सांगा लागत नाई मंजू. आमी का येडे हाव?"

बुधवारी वयनी मळ्यात गेलीच नाई! मेथीच्या जुड्या सांजीलेच बांधून, ओल्या फडक्यात गुंडाळून सैपाकघराच्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. उठली, आंघोळ केली, नवी साडी नेसली. कोंबडीसमोर नवी साडी! हळूच टोपलं उचललं...

अंडं? नावाले नाई! पण बाकी जे कराचं थे दोघींनी ओटाभर करून ठेवलं होतं! साखरेच्या डब्यावर बी!

वयनीनं पदर खोचला. वाटीनं मोजून पाणी देल्लं. कोंबडी पेली. दुसरी पेली. मंग एकीच्या तुऱ्यावर अंगठा ठेवून दाबला. कोंबडीनं मान वाकडी करून पाह्यलं. अजून दाबला. कोंबडीनं डोये मिटून घेतले.

तेवढ्यात तिची सासू, गोजराबाई, दारात आली. "शुभे, त्या कोंबडीचं डोस्कं काहून चेपून राह्यली वं?"

"आत्याबाई, तुमी गप बसा! अंडे काढून राह्यली मी!"

"डोस्क्यातून?"

वयनीनं बांगडीतली सेफ्टी पिन काढली. "टोचाचंच राह्यलं होतं!"

"माय वं! जित्या जिवाले टोचशीन?"

"मंजू रोज टोचते!"

"मंजू? थे तं मुंगी पायाखाली येऊ देत नाई!"

"तेच तं! दिसते तशी नाई थे!" असं म्हणत वयनी पिन घेऊन कोंबडीच्या मांगून गेली...

निते, बॉयलर उडत नाई म्हणतात. सपशेल खोटं! पिन लागलीच नाई, नुसती चमकली, अन् रातभर पोत्यावाणी बसलेली थे कोंबडी फटाक्याच्या लडीवाणी फुटली! दुधाचं पातेलं तिकडं! मिक्सरचं झाकण इकडं! एक कोंबडी धपकन मेथीच्या जुड्यात पडली अन् तठीच घुसळ घुसळ करत बसली. हर्राशीची सारी मेथी गेली बाराच्या भावात! दुसरी गोजराबाईच्या पायातून निसटून अंगणात, भिंतीवर, अन् भिंतीवरून थेट मंजू वयनीच्या सैपाकघरात!

"धरा! धरा माहं बॉयलर!" वयनी नव्या साडीत मांगं धावली. रस्त्यावर व्हॅन हॉर्न मारून राह्यली, व्हॅनीतले पोट्टे खिडकीतून टाळ्या वाजवून राह्यले, अन् चंपतभाऊ? दातून तोंडात घेऊन कोपऱ्यावरून केव्हाच चंपत!

पाय टाकणार नाई म्हणे, त्याच सैपाकघरात वयनी धाडकन घुसली. अन् थिजली!

काया चमकत्या ओट्यावर मिक्सरच्या बाजूले एक पांढरं फक डबडं. वरती लाल बटन. आत अंडे गोल मांडलेले. वायर भिंतीत. त्याच्याजवळ तिची कोंबडी उभी, मान वाकडी करून त्या अंड्याकडं पाहून राह्यली! अन् तेवढ्यात थे डबडं वरडलं, "टीं टीं टीं!"

पाटावर बसून आप्पे खाणारा पवन म्हणे, "आई, हे पाह्य बॉयलर!"

मंजू वयनीनं कोंबडीकडं पाह्यलं. मंग वयनीच्या हातातल्या पिनीकडं पाह्यलं. अन् मंग, निते, तिले सारं समजलं! थे 'जोडी', थे 'मनात आलं तं देईन', सारं! तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी खांदे गदगद हालून राह्यले!

वयनीनं मान ताठ केली. कोंबडी काखेत मारली. म्हणे, "आमचं दुसऱ्या कंपनीचं हाय!" अन् निघाली.

दुपारी चंपतभाऊ परत आला अन् दारातूनच हळूच म्हणे, "आता या कोंबड्यायचं काय कराचं?"

गोजराबाई म्हणे, "काय म्हणजे? मसाला वाट!"

रस्सा झाला मात्र झणझणीत! गोजराबाईनं मोठ्या गंजात, झाकणाच्या पातेल्यात, काढला अन् वयनीच्या हातात देल्ला. "जाय, मंजूले देऊन ये. तिच्याच नादानं कापल्या गेल्या बिचाऱ्या." वयनी गेली नाई, पवनच्या हाती धाडला.

सांजीले मंजू वयनी स्वतः गंज घेऊन आली. भांडं काई रिकामं परत देत नाई आपल्याकडं, म्हणून वयनीले वाटलं साखर असन, तांदूळ असन. झाकण काढलं तं आत थेच पांढरं डबडं! वायर गुंडाळून, मापाचं पाणी घालाची वाटी बी संग!

"ताई, हे तुमच्याकडंच राहू द्या. सांजीले अंडे टोचून मांडून ठेवत जा, मळ्यात जाता जाता बटन दाबा. याच्यापुढं पवनले तुमच्याच हातचं भेटन."

वयनीचे डोये भरून आले, निते! खरंच! मंजूचा हात धरणारच होती, तेवढ्यात मंजू वयनी म्हणे, "मले आता नवं येऊन राह्यलं न, भावाकडून. दोन मजल्याचं!"

भरलेले डोये जागच्या जागी सुकले!

पण डबडं ठेवून घेतलं. पोराचा सवाल होता! गुरुवारी, निते, वयनीनं अंडे पिनीनं टोचले, वाटीनं पाणी मोजलं, बटन दाबलं, अन् आवाज येईपर्यंत त्याच्यासमोरून हालली नाई. सोललं, कांदा चिरला, सांबार घातला, पोळीत गुंडाळलं. पवनले भिंत चढाच्या आधीच शर्टाले धरून ओढलं अन् पाटावर बसवलं. स्वतः समोर उकिडवी बसली. चंपतभाऊ बी दारात श्वास धरून उभा. व्हॅन वरडून राह्यली, वरडू दे म्हणे!

पवननं घास घेतला. चावला. डोये मिटले. अजून एक घास घेतला. वयनी उकिडवीच पुढं सरकली!

अन् पोट्टा तोंडभर हासून म्हणे, "आई! एकदम काकूच्या हातचं लागून राह्यलं!"

आता सांग निते, त्या वक्ती वयनीच्या जागी तू असती, तं काय केलं असतं?