दाजींचे तीन आवाज

आमचे दाजी प्रत्येक वाक्य तीनदा बोलतात. पहिल्यांदा पोटातून, घोगरं. मग नेहमीच्या आवाजात. आणि मग असं चिरकं, की पुंडलिकनगरातली झोपलेली कुत्री उठून बसतात. "कांदे कसे दिले? कांदे कसे दिले? कांदे कसेऽ दिलेऽ?" भाजीवाला पहिल्याच खेपेला भाव सांगतो, पण दाजी उरलेल्या दोन खेपा पुऱ्या केल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. मी बरोबर असलो, तर तेवढा वेळ टोमॅटो निवडत खाली वाकून राहतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गणिताचे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर त्यांनी एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. "एक लहानसा नाद घ्यायचा. तो काळात मागं-पुढं सरकवायचा, पट्टीत वर-खाली करायचा. अशी दर जागा म्हणजे एक ठिपका. या ठिपक्यांची जाळी पुरेशी दाट असली, तर जगातला कुठलाबी आवाज त्यातून बांधता येतो. एका हद्दीपेक्षा विरळ झाली, की नाय. मग कितीबी डोकं लावा." समोरचा गोंधळला की ते रांगोळीवर येतात. "ठिपके लांब लांब टाकून मोर काढा बरं. कोंबडीच निघंल!"

हा नियम ते कुठेही लावतात. एका बारशाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याचा हातच धरला. "लई विरळ फिरायलास बाबा. वरण येईस्तोवर भात संपतो." मी यजमानांची नजर चुकवत मठ्ठा पीत बसलो.

मग अक्काच्या कानांनी दगा दिला. यंत्र बसवलं, पण काही पट्ट्या कायमच्याच गेल्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरच भागवा. दाजी म्हणाले, "तिच्या कानात जाळी विरळ झाली ना? मग आपण बाहेरून दाट करू." तेव्हापासून हे तीन आवाज. एकात निसटलेला शब्द तिला दुसऱ्यात सापडतो. सवय मोडू नये, म्हणून भाजीवाल्यालाही तोच प्रसाद. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी चारचौघांत लाज वाटायची ती वाटायचीच.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीची, स्नेहाची सोयरीक जमत होती. जालन्याचे पाहुणे आले. दाजी अक्काशेजारी बसून प्रत्येकाचं बोलणं तिला तीन पट्ट्यांत पोचवत होते. एका चिरक्या खेपेला मुलाची बहीण ओढणीत तोंड लपवून हसली. माझे कान तापले. मी दाजींना स्वयंपाकघरात नेलं.

"दाजी, हात जोडतो. आजच्या दिवस गप बसा."

"पण तिला..."

"एकच दिवस हो!"

ते बसले गप. अक्काशेजारची खुर्ची सोडून थेट दाराजवळ.

थोड्या वेळाने विहीणबाईंनी अक्काला विचारलं, "आत्याबाई, पोरगी तुमच्याच अंगाखांद्यावर वाढली म्हणं. सोभावाला कशी हाय?"

अक्का गोड हसली. "घेतला, घेतला चहा."

हशा पिकला. अक्काही सगळ्यांबरोबर हसली, आणि मग हसू कुणावर आहे ते तिला कळलं. तिने पदर सावरून दाजींकडे पाहिलं. दाजींचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. ते माझ्याकडे बघत होते. एवढा मोठा माणूस, स्वतःच्या बायकोशी बोलायला माझी परवानगी मागत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी उठलो आणि अक्कासमोर खाली बसलो. "स्नेहा सोभावाला कशी हाय?" घोगरं. मग साधं. तिसऱ्यांदा माझा आवाज असा काही चिरकला, की स्नेहाने डोळे मिटून घेतले.

अक्काने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. विहीणबाईंचा प्रश्न बाजूलाच राहिला.

"दिलप्या," ती म्हणाली, "किती दिसांनी बोललास रे!"

मी तिच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो. रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून चहा पितो.