सल्ल्याचा उपवास

काही सांगायचं मनात आलं की आदेलारच्या उजव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, मटाराच्या दाण्याएवढा एक स्नायू उचलला जायचा. दाणा एकदा वर यायचा, एकदा खाली जायचा आणि मग तोंड उघडायचं. ओदिलने हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण गेल्या आठवड्यापासून दाणा वर येत होता, खाली जात होता, पुन्हा वर येत होता, आणि तोंड मात्र उघडत नव्हतं.

याला कारण ओदिलच होती. शरद ऋतूत वडिलांचा, आदेलारचा, खुबा मोडला, तेव्हा शहरातल्या औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून ती घरी आली. रानातली, ज्यांच्या रसाचा गोड पाक करतात ती सातशे मेपलची झाडं आदेलारनी तिच्या स्वाधीन केली, आणि झाडांबरोबर सल्लेही. लाकडं कशी रचायची, कांदा कुठून कापायचा, मांजरीला कोणत्या दाराने बाहेर सोडायचं. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन ते चर्चमधून परतले, ते ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात आवडीचं सोडायचं काय या विवंचनेतच. तंबाखू, दारू, डुकराची चरबी, सोडण्याजोगं जे जे होतं ते डॉक्टरांनी आधीच सोडायला लावलं होतं.

"मग सल्ले सोडा," ओदिल बटाटे सोलता सोलता म्हणाली.

"सुरी अशी नाही धरा..." आदेलार म्हणाले आणि थांबले. त्यांनी सुरीकडे पाहिलं, बटाट्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "सोडले. ईस्टरपर्यंत."

पहिले दोन दिवस ओदिलला घर फार प्रशस्त वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी छपरावरचं बर्फ वितळून पागोळ्या गळू लागल्या आणि ती सारखी रानाकडे पाहू लागली.

झाडाला भोक वर्षातून एकदाच पाडायचं असतं. फार लवकर पाडलं तर हंगाम संपायच्या आत झाड ते बुजवून टाकतं, आणि भर मार्चात बादल्या कोरड्या लटकतात. उशीर केला तर पहिला रस निघून जातो, ज्याचा पाक सगळ्यांत फिका आणि सगळ्यांत गोड होतो. रात्री पाणी गोठलं पाहिजे, दिवसा वितळलं पाहिजे, इतकं ओदिलला ठाऊक होतं. पण असा एखादा दिवस फेब्रुवारीतही येतो आणि फसवून जातो. खरा कोणता, ते आजवर पापा सांगत. ते सांगत आणि रस्त्यावरची सगळी घरं गिरमिटं घेऊन आपापल्या रानात शिरत.

"पापा, आता भोकं पाडली तर लवकर होईल का?"

आदेलार सूप ढवळत राहिले.

"बरं. थांबलं तर उशीर होईल?"

दाणा वर आला. खाली गेला.

"तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?"

"मी तुझ्या जागी असतो तर माझा खुबा धड असता," आदेलार म्हणाले. हा सल्ला नव्हता, त्यामुळे तो चालण्यासारखा होता.

मग ओदिल त्यांच्यावर पाळत ठेवू लागली. त्यांनी खिडकीतून रानाकडे पाहिलं की तीही पाहायची. त्यांनी लोकरीची टोपी काढून पातळ टोपी घातली, तेव्हा तिने घाईघाईने बादल्या धुवायला पाणी तापवलं. दुपारी त्यांनी पुन्हा लोकरीची टोपी घातली. पाणी निवून गेलं. शेवटी आदेलारच कंटाळले.

"मी खोपीत जाऊन बसतो," ते काठी घेत म्हणाले. "इथे राहिलो तर माझ्या हातून पाप घडेल."

रस उकळायची खोपी रानाच्या कडेला, चढावर होती. आदेलार लंगडत तिथवर पोचले. आत कडाक्याची थंडी होती, म्हणून त्यांनी रिकाम्या काहिलीखालच्या भट्टीत चार लाकडं सारली, विजार गुडघ्यांच्या वर दुमडली आणि शेकत बसले. धुराड्यातून जाड पांढरा धूर निघाला आणि सगळ्या रस्त्याला दिसेल असा सरळ आकाशात चढला.

त्या रस्त्यावरच्या घरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. ओदिलने फोन उचलला तेव्हा शेजारची इमेल्दा बोलत होती, आणि ऐकणाऱ्यांचे श्वास निदान चार घरांतले होते.

"ओदिल, अभिनंदन गं! पहिल्याच वर्षी सगळ्यांच्या आधी!"

"कशात?"

"आता लपवू नकोस बाई. धूर दिसतोय की."

"कसला धूर? अजून एक भोकसुद्धा पाडलेलं नाही."

"लपवणारे असंच म्हणतात," तारेवर दुसरंच कोणीतरी म्हणालं.

"मला तर पाकाचा वासही येतोय," तिसरा आवाज म्हणाला.

"आमच्या ह्यांनी तर बादल्या नेल्यासुद्धा," इमेल्दा म्हणाली. "फोन ठेवते. त्यांच्या तोट्या इथेच राहिल्यात."

ओदिल बर्फातून धापा टाकत खोपीपाशी पोचली, तोवर पलीकडच्या रानातून ठकठक ऐकू येऊ लागली होती. आदेलार उघडे गुडघे भट्टीपुढे धरून समाधानाने बसले होते.

"पापा, हे काय?"

"गुडघे." त्यांनी कान टवकारले. "ते काय?"

"इमेल्दाचा जेर्वे झाडांना तोट्या ठोकतोय. तुमचा धूर बघून."

आदेलारनी दाराबाहेर पाहिलं. उत्तरेकडचं आकाश काचेसारखं स्वच्छ झालं होतं आणि वारा फिरला होता. त्यांच्या कानाखालचा दाणा असा उड्या मारू लागला की ओदिलला भीतीच वाटली. त्यांनी गळ्यातला मफलर काढला, त्याचं टोक तोंडात कोंबलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

"काय? पापा, काय ते सांगा तरी!"

आदेलारनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते धुराचंही असेल.

त्या रात्री अशी थंडी पडली की घराच्या तुळया बंदुकीसारख्या कडाडल्या. पुढचे तीन दिवस पागोळ्या गळल्या नाहीत. चौथ्या दिवशी जेर्वेने एक रिकामी बादली आणून आदेलारच्या टेबलावर आपटली.

"ऐक," तो म्हणाला आणि त्याने बादलीवर टिचकी मारली. "ऐकलंस? दोन रांगांना भोकं पाडली. सगळ्या बादल्यांचा हा असा आवाज येतोय. तुझ्या गुडघ्यांपायी!"

"मी कोणाला बोलावलं नव्हतं," आदेलार म्हणाले.

"बरं, झालं ते झालं. उरलेली झाडं कधी?"

आदेलारनी मफलर हातात घेतला.

"मस्यू जेर्वे, त्यांनी सल्ले सोडलेत," ओदिल म्हणाली. "ईस्टरपर्यंत."

"ईस्टरपर्यंत?" जेर्वे मटकन खाली बसला. "अरे, तोवर कळ्या फुटतील! पूर्वी माणसं गोड सोडायची, तुला हेच सुचलं? आणि पोरी, तू सांग की मग. झाडं तुझी आहेत ना?"

ओदिलने बादली उचलून दाराजवळ ठेवली. मग पुन्हा उचलून पायरीवर ठेवली. तोवर जेर्वेने फोन फिरवून फादरना गाठलं होतं.

"फादर, माणसाला शपथेतून मोकळं करता येतं का?"

"शपथेतून सोडवायची गरजच काय?" फादर म्हणाले. सगळा रस्ता ऐकत होता. "रविवार उपवासकाळात धरत नाहीत. रविवारी बोलू दे त्याला पोटभर."

आदेलारनी फोन ओढून घेतला. "माझ्या आईने रविवारीही कधी साखरेला हात लावला नाही, फादर."

"तुमच्या आईबद्दल मला फार आदर आहे, आदेलार. पण माझ्या फडताळात पाकाची एकच बाटली उरली आहे, आणि शेवटचे थेंब निघावेत म्हणून ती उपडी ठेवावी लागते."

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर सगळा रस्ता आदेलारच्या स्वयंपाकघरात लोटला. कोणी घेवडे शिजवून आणले होते, कोणी पाव. फादर भट्टीजवळच्या खुर्चीत बसले. ओदिल मोरीपाशी उभी राहून, स्वच्छ असलेली एक वाटी पुन्हा धूत होती. ती पहाटेच उठून रानात जाऊन आली होती आणि त्याबद्दल कोणाशी बोलली नव्हती.

आदेलारनी घसा खाकरला.

"सूपला मीठ कमी आहे," ते म्हणाले.

सगळे आणखी पुढे सरकले.

"ते लाकूड सालीची बाजू वर ठेवून रचायचं. इमेल्दा, त्या पावाला आणखी थोडा वेळ भट्टीत ठेवायला हवं होतं. जेर्वे, ती टोपी टाकून दे. फादर, प्रवचन शेवटच्या गोष्टीआधीच संपवलं असतंत तर बरं झालं असतं. मांजरीला मागच्या दाराने सोडा." त्यांनी दीर्घ श्वास घेतला. चेहऱ्यावर रंग आला होता. "हां. आता बरं वाटलं."

"आणि झाडं?" जेर्वे ओरडला. "झाडांचं काय?"

"झाडांचं मला काय माहीत?"

"इतकी वर्षं तूच तर सांगत आलास!"

"सांगत होतो," आदेलार म्हणाले. "माहीत होतं असं कोण म्हणालं? दर वर्षी पोट बिघडायचं माझं. ओदिलच्या आईला विचारा... नाही, आता तिला कुठून विचारणार. पण तिला ठाऊक होतं."

"मग तुम्ही एवढ्या खात्रीने सांगायचात ते?" ओदिलने विचारलं. वाटी तिच्या हातातच होती.

"कोणीतरी सांगावं लागतं गं. नाहीतर सगळे असेच स्वयंपाकघरात उभे राहतात."

"आणि बरोबर निघायचं का?"

"कधी निघायचं, कधी नाही. ते मे महिन्यात कळायचं. तोवर सगळे इतके दमलेले असायचे की कोणी हिशेब मागायला यायचं नाही."

फादर हसले, पण एकटेच. आदेलार काठीवर भार देऊन उठले आणि मोरीपाशी आले. जन्मभर त्यांनी ओदिलला असंख्य गोष्टी सांगितल्या होत्या. विचारलं मात्र फारसं काही नव्हतं, त्यामुळे तो सूर त्यांना नीट सापडला नाही आणि आवाज जरा चिरकला.

"ओदिल, कधी करायचं गं?"

ओदिलला पहाटेचं रान आठवलं. बर्फाचा वरचा थर पायाखाली काचेसारखा मोडत होता. ऊन वर आलं तेव्हा तिने दक्षिणेकडच्या एका जुन्या झाडाला उघडा तळवा लावला होता. खोडाभोवतीचं बर्फ खोलगट वाटीसारखं आत बसलं होतं आणि साल किंचित कोमट होती. की तिचाच हात कोमट होता? तिने दुसऱ्या हाताने पाहिलं होतं, मग गालाने. खात्री गालालाही झाली नव्हती.

तिने वाटी पालथी घातली, हात पुसले आणि मागे वळली. सगळे तिच्याकडे पाहत होते. आदेलारच्या दोन्ही मुठींत मफलर होता, पण तोंडाकडे नेलेला नव्हता. पापांच्याच खात्रीच्या सुरात ओदिल म्हणाली,

"उद्या. उजाडल्यावर, दक्षिणेच्या उतारापासून."